आठ रविवारांत निन्जा?

पत्रलेखक २३ वर्षांचा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखान्यात डिस्पॅचला काम करतो. दुपारी जातो, रात्री नऊनंतर सुटतो. शाळेपासून जपानी अॅनिमे, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिका, बघत आला आणि निन्जुत्सू, म्हणजे निन्जांची विद्या, शिकायची इच्छाही तेव्हापासूनची. कॉलेजात असताना पैसे नव्हते, आता पगार आहे. शहरात एका सभागृहात असा वर्ग भरतो हे त्याला मित्राकडून कळलं. आठ रविवार, त्यानंतर तीन दिवसांचा निवासी कॅम्प, फी २४,००० रुपये आणि शेवटी ब्लॅक बेल्ट. शिकवणारे गृहस्थ आपण एका गुप्त घराण्यात तयार झालो असं सांगतात. गुरूंचं नाव विचारलं तर 'दीक्षेआधी सांगायची परवानगी नाही' म्हणतात. वर्ग आधी बघू देत नाहीत. प्रमाणपत्र सरकारमान्य आहे, पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्याला चालेल, असंही ते म्हणाले आहेत. पत्रलेखकाने २,००० रुपये आगाऊ भरले आहेत. त्याचे आजोबा तालमीतले पैलवान. वडील म्हणतात, "अंगात रग असंल तर तालमीत जा की. टीव्हीतलं बघून उड्या मारायलास होय?" मित्र 'काय बे निन्जा' म्हणून हाक मारतात. त्याचे प्रश्न असे: या वयात सुरुवात करणं म्हणजे उशीर झाला का? खरं निन्जुत्सू शिकवणारा माणूस ओळखायचा कसा? सोलापुरात दुसरं कुणी नसेल तर ऑनलाइन शिकावं का? की हा नादच सोडून द्यावा?

तू पत्रात ताई म्हटलंयस, म्हणून मीही अरेतुरे करते.

आधी व्यवहाराचं बोलू, कारण उरलेली फी तुला पुढच्या रविवारी द्यायची आहे. देऊ नकोस. आगाऊ दिलेले २,००० रुपये व्हॉट्सअॅपवर, लेखी आणि नीट शब्दांत परत माग. 'वर्ग बघायला मिळाला नाही, तुम्ही कुणाकडे शिकलात ते कळलं नाही, म्हणून प्रवेश घेत नाही' एवढं पुरे. भांडू नकोस, त्यांच्या विद्येवर शेरा मारू नकोस. पैसे परत आले नाहीत तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथूनही काही हाती लागलं नाही तर २,००० गेले आणि २२,००० वाचले असं धरायचं. ही पूर्ण फी म्हणजे तुझा दीड महिन्याचा पगार आहे, हे तूच लिहिलं आहेस.

हे गृहस्थ ठकच आहेत असं मी म्हणत नाही. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांच्या अंगात विद्या असेलही. पण ती आहे की नाही हे तपासायचा एकही रस्ता त्यांनी तुझ्यासाठी उघडा ठेवलेला नाही, आणि माझा सगळा आक्षेप तेवढाच आहे.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते. 'खरं निन्जुत्सू' हे शब्द तुझ्या पत्रात पुन्हा पुन्हा येतात. त्यामागे एक चित्र दिसतं: कुठेतरी शेकडो वर्षांची अखंड विद्या आहे, ती लपवून ठेवलेली आहे, ज्याच्याकडे ती आहे तो खरा आणि बाकीचे सगळे भोंदू. मग एखादा माणूस जितकं लपवेल तितका तो खरा वाटायला लागतो. तुझं तसंच झालंय. 'परवानगी नाही' या उत्तराने खरं तर तू सावध व्हायला हवं होतंस, पण तुझ्या पत्रावरून दिसतं की त्याने तू जास्तच ओढला गेलास.

थोडा इतिहास सांगते, कारण तो कळला की या लपवाछपवीची जादू बरीच ओसरते. जपानमधल्या इगा आणि कोका या डोंगराळ भागांतले शिनोबी, म्हणजेच निन्जा, हे मुख्यतः हेर होते. १५८१ मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराने इगावर मोठी फौज घातली, तो भाग उद्ध्वस्त केला आणि तिथली माणसं पांगली. पुढे तोकुगावा घराण्याच्या राजवटीत लढाया थांबल्या, हेरांना पूर्वीसारखं काम उरलं नाही, तेव्हा जे ठाऊक आहे ते लिहून ठेवायला सुरुवात झाली. १६७६ मध्ये इगाच्या फुजिबायाशी घराण्यात संकलित झालेला 'बानसेनशूकाई' हा त्यातला सगळ्यात मोठा ग्रंथ. त्यात मनाची तयारी आहे, हेर कसे नेमावेत आणि शत्रूचे कसे ओळखावेत ते आहे, वेषांतर आहे, वाड्यात शिरायच्या युक्त्या आहेत, तारे आणि हवामान पाहून अंदाज बांधणं आहे, स्फोटक दारूच्या कृती आहेत, चढायची आणि कुलपं उघडायची अवजारं आहेत. हाताने लढायचे डाव शोधायला गेलास तर जवळजवळ काहीच मिळणार नाही. काळा पोशाख आणि चहूबाजूंनी भिरभिरणाऱ्या, फेकून मारायच्या धारदार चकत्या हे चित्र बरंचसं रंगभूमीने आणि नंतर सिनेमाने घडवलेलं आहे.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. बहिर्जी नाईकांचं नाव आपण घेतो ते सुरतेच्या बाजारातली खडान्‌खडा माहिती महाराजांपर्यंत पोचवणारा माणूस म्हणून. त्यांनी किती जणांना लोळवलं हे कुणी विचारत नाही.

मग आज जगभर निन्जुत्सू म्हणून शिकवतात ते काय आहे? त्यातल्या बऱ्याच मोठ्या भागाचा माग तोशित्सुगु ताकामात्सू या एका माणसापर्यंत जातो. जन्म १८८९, मृत्यू १९७२. त्यांचे शिष्य मासाकी हात्सुमी, जन्म १९३१, चिबा प्रांतातल्या नोदा गावचे. हात्सुमींनी गुरूकडून मिळालेली नऊ घराणी एकत्र करून बुजिनकान ही संस्था उभी केली. या नऊपैकी तोगाकुरे, ग्योकुशिन आणि कुमोगाकुरे ही तीनच निन्जुत्सूची म्हणून मोजली जातात. बाकीची जुन्या काळच्या पकडी, फेक, हाडांवरचे प्रहार, काठी आणि शस्त्रं यांची आहेत. संस्था स्वतः आपल्या शिक्षणाला 'बुदो ताइजुत्सू', म्हणजे शरीराने लढायची युद्धकला, असं म्हणते. हात्सुमींचे शिष्य शोतो तानेमुरा यांनी १९८४ मध्ये वेगळं होऊन गेनबुकान काढलं, फुमिओ मानाका यांनी १९९६ मध्ये जिनेनकान. तुला एखादा प्रामाणिक शिक्षक सापडला तर तो बहुधा या तीन संस्थांपैकी एका झाडाचा, किंवा त्यातून फुटलेल्या एखाद्या फांदीचा असेल आणि ते तो पहिल्या भेटीतच सांगेल.

आणि इथेही सगळं सोनं नाही, हे तुला आधीच कळलेलं बरं. नऊपैकी काही घराण्यांना, उदाहरणार्थ ताकागी योशिन किंवा कुकिशिन, जुना कागदोपत्री आधार आहे. पण तोगाकुरेची वंशावळ १२ व्या शतकापर्यंत मागे नेतात, तिच्याबद्दल अभ्यासक साशंक आहेत. ताकामात्सूंच्या आधीचा स्वतंत्र पुरावा त्यांना दिसत नाही. दुसऱ्या बाजूला जिनइची कावाकामी आहेत. जपानी वर्तमानपत्रं त्यांची ओळख 'शेवटचा निन्जा' अशी करून देतात. इगाच्या निन्जा संग्रहालयाशी ते जोडलेले आहेत आणि मिए विद्यापीठात त्यांनी शिकवलं आहे. या कलेला आजच्या जगात जागा नाही, म्हणून मी वारस नेमणार नाही, असं त्यांनी उघडपणे सांगून टाकलंय. तिकडे ही परिस्थिती असताना इकडे सोलापुरातल्या सभागृहात आठ रविवारांत काळा पट्टा मिळतो! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे तर बाशिंग विकणाराच उतावळा दिसतोय.

या सगळ्याचा तुझ्यापुरता अर्थ असा, की विद्या किती प्राचीन आहे यावर शिक्षकाची पारख करायला जाऊ नकोस. त्या वादाचा निकाल प्राध्यापकांना लागत नाही, तुला-मला काय लागणार? ज्याचा निकाल लावता येतो असे प्रश्न विचार. तुम्ही कुणाकडे शिकलात, किती वर्षं, कुठे? त्या गुरूंना मी एक ईमेल पाठवला तर चालेल का? मी येऊन एक पूर्ण वर्ग बाजूला बसून बघू का? हे तीन प्रश्न पुरतात. तू डिस्पॅचला आहेस. बाहेरचा खरेदीदार टॉवेलचा जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरचं वजन, मोजून घेतो आणि माप कमी भरलं तर कंटेनर परत पाठवतो. तिथे तुमचे मालक 'आमचं वजन गुप्त आहे' असं म्हणू शकतात का?

बुजिनकानपुरतं सांगायचं तर तिथे दर्जाची साखळी ठरलेली आहे. क्यू म्हणजे काळ्या पट्ट्याआधीच्या पायऱ्या, दान म्हणजे काळ्या पट्ट्याच्या. नवव्या क्यूपासून पहिल्या क्यूपर्यंत यायचं, मग पहिला दान, आणि तिथून पुढे थेट पंधरापर्यंत. पाचव्या दानला एक परीक्षा असते: शिकणारा पाठमोरा, डोळे मिटून बसतो, मागून तलवारीचा वार येतो आणि तो चुकवून बाजूला व्हायचं असतं. स्वतंत्रपणे शिकवायची मुभा साधारण त्यानंतर. त्याच्या आधीचा माणूस शिकवत असेल तर तो कुणा वरिष्ठाच्या देखरेखीखाली शिकवतो आणि त्या वरिष्ठाचं नाव सांगता येतं. म्हणजे तपासायला जागा आहे. तरीही नुसत्या दानच्या आकड्यावर भाळू नकोस. तिथले दर्जे सगळीकडे सारख्या कसोटीवर मिळत नाहीत, अशी कुरबूर त्या वर्तुळातले जुने लोकही करतात. आकडा बघ, मग वर्ग बघ, आणि दोन्हींत विसंगती दिसली तर वर्गावर विश्वास ठेव.

वर्गात काय बघायचं? मी बरीच वर्षं शाळेत खेळ शिकवले आणि तरुणपणी ज्यूडो केला, त्यामुळे माझी नजर आधी जमिनीकडे जाते. मॅट आहे का, स्वच्छ आहे का, नव्या मुलांना पडायला कोण शिकवतंय? जपानी कलांमध्ये पडण्याच्या तंत्राला उकेमी म्हणतात. पुढे, मागे, बाजूला लोळण घेऊन उठणं. पहिल्या काही महिन्यांत जो शिक्षक यापेक्षा जास्त भर तलवारीवर देतो, त्याच्याकडे पाठ फिरवावी. मग जोडीचा सराव बघ. समोरचा विद्यार्थी शिक्षकाने हात लावताच उन्मळून पडतोय का? प्रत्येक वेळी? निन्जुत्सूच्या वर्गांवरची सगळ्यात मोठी टीका हीच आहे, की तिथे स्पर्धा नसतात आणि बऱ्याच ठिकाणी मोकळी झटापटही नसते, त्यामुळे विरोध करणाऱ्या माणसावर डाव चालतो का हे कधी कळतच नाही. ही टीका मला पटते. चांगला शिक्षक सुरुवातीला संथ शिकवतो, पण पुढे जोडीदाराला थोडा थोडा विरोध करायला सांगतो आणि डाव फसला तर हसून पुन्हा दाखवतो. ज्याचा डाव कधीच फसत नाही तो शिक्षक मला नको.

मुलं हाताने थोपटून 'पुरे' म्हणाली की पकड लगेच सुटते का, तेही बघ. आणि वर्ग संपल्यावर जुन्या विद्यार्थ्यांशी बोल. तिथे कुणीच जुनं नसेल, सगळे याच वर्षीचे असतील, तर का ते विचार.

मोबाइल बाहेर ठेवायला सांगणं यात गैर काही नाही. मीही मुलांना सांगायचे. पण मोबाइल बाहेर, पाहुणे बाहेर, गुरूचं नाव गुप्त आणि फी एकरकमी, हे सगळं एकत्र आलं की विचार करावा. त्यात तो निवासी कॅम्प. हे पत्र वाचणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या पालकांना इथे जास्त ठामपणे सांगते: या कलांमध्ये अंगाला हात लागतोच, त्यामुळे कुठे, कसा आणि विचारून की न विचारता, हे पहिल्या दिवशी दिसलं पाहिजे. वर्गात आणखी मुली हव्यात, कपडे बदलायला बंद खोली हवी, सोबत आलेल्या आईला किंवा मैत्रिणीला बसायला खुर्ची हवी. यातलं काही मागितल्यावर 'शिस्त', 'श्रद्धा' असे शब्द ऐकू आले तर चप्पल घालून घरी यावं.

सरकारमान्यतेचं लवकर आटपते. सरकारमान्य राष्ट्रीय खेळ संघटनांत निन्जुत्सूची संघटना नाही. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण ते ठरावीक खेळांच्या ठरावीक पातळीवरच्या स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळतं. आठ रविवारांच्या शिबिराचं प्रमाणपत्र तिथे कुणी उघडूनही बघणार नाही. भरतीत उतरायचं मनात असेल तर १,६०० मीटर पळायला लाग. पहाटे मैदानावर गेलास तर भरतीची तयारी करणाऱ्या पोरांची सोबत आपोआप मिळेल.

शस्त्रांचंही एक सांगून ठेवते, कारण तू ऑनलाइन चकत्या आणि कताना, म्हणजे जपानी तलवारी, बघून ठेवल्या आहेत. घेऊ नकोस. धारदार पातं घेऊन गावात फिरणं म्हणजे शस्त्र कायद्याशी गाठ. शिवाय शहरात सणासुदीला, मिरवणुकांच्या वेळी पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश काढतात. नाक्यावर अडवलं तर 'मी निन्जुत्सू शिकतोय' हे उत्तर ऐकून हवालदाराला काय वाटेल याचा विचार कर. शिकणाऱ्याला पहिली काही वर्षं लाकडी किंवा गादी भरलेलं शस्त्र पुरतं, आणि तेही वर्गातच ठेवलेलं असतं.

आता वय. तुला वाटतंय की सगळे पाचव्या वर्षी सुरू करतात आणि तू मागे पडलास. ऑलिम्पिकला जायचं असेल तर हो, उशीर झाला. पण या कलेत पदकंच नाहीत, मग मागे पडायचं कुणाच्या? गंमत बघ: ज्या हात्सुमींकडे पुढे जगभरातले लोक गेले, ते स्वतः ताकामात्सूंकडे गेले तेव्हा तुझ्याहून थोडे मोठेच होते. त्याआधी त्यांनी ज्यूडोसारख्या दुसऱ्या कला केल्या होत्या. गुरू नारा भागात, हे नोदात. मध्ये शेकडो किलोमीटर. सुट्टीच्या दिवशी रात्रीच्या गाडीने जायचं, शिकायचं आणि परत यायचं. ताकामात्सू वारले तोपर्यंत, साधारण १५ वर्षं, हे चाललं.

ही हकीकत मी मुद्दाम सांगतेय, कारण तुझ्या पुढच्या प्रश्नाचं उत्तरही तिच्यातच आहे. गावात शिक्षक नसेल तर काय करायचं? आधी दुसरं काहीतरी नीट शिकायचं आणि मग प्रवास करायचा.

दुसरं काहीतरी म्हणजे काय, यावर तुझे वडील ताबडतोब बोट दाखवतील. त्यांचं बोलणं टोचणारं आहे हे मान्य. पण ते म्हणतात त्यात एक गोष्ट आहे. तालमीत समोरचा माणूस खराखुरा विरोध करतो. तुझी पकड ढिली असेल तर ते दुसऱ्या क्षणी कळतं, कुणी मान ठेवून पडत नाही. मातीत पडायची भीती जाते, मान आणि पाठ तयार होते, श्वास पुरतो. निन्जुत्सूच्या वर्गात जे सहसा कमी पडतं ते नेमकं इथे मिळतं. तुझी सकाळ मोकळी आहे आणि तालीम पहाटेच भरते. मात्र वडिलांना खूश करायला किंवा आजोबांचं नाव पुढे चालवायला जाऊ नकोस. त्या ओझ्याने गेलेली पोरं महिन्याभरात यायची बंद होतात, हे मी पाहिलंय. आणि कुस्ती म्हणजे निन्जुत्सूच, असं म्हणून मी तुझी समजूतही घालणार नाही. ते वेगळं आहे, आणि तुला जे हवंय ते वेगळं हवं असण्यात काही चूक नाही.

माती नको वाटत असेल तर ज्यूडो. माझा कल तिकडे जास्त आहे आणि तो पक्षपाती आहे, हे लक्षात ठेवूनच ऐक. पडणं, फेकणं, जमिनीवरच्या पकडी, मोकळी झटापट आणि गणवेश-नमस्काराची जपानी शिस्त असं सगळं त्यात आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तो सुरू केला, म्हणजे त्याचा इतिहास लपलेला नाही, आणि १९६४ मध्ये तो पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला आणि १९७२ पासून तिथे कायम असल्याने त्याच्या शिक्षकांची तपासणी करायला व्यवस्था आहे. सोलापुरात सध्या कोण कुठे शिकवतंय हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचार. फोनवर टोलवाटोलवी होते, समक्ष जा. कराटेचे वर्ग तर गल्लोगल्ली आहेत, पण तिथेही वरचे तीन प्रश्न विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. पट्ट्यांचा धंदा करणारे त्या बाजारातही आहेत.

ऑनलाइनबद्दल माझं मत फारसं लवचीक नाही. उभं राहायच्या पद्धती, पाऊल टाकणं, नावं, इतिहास हे पडद्यावरून शिकता येतं. पडणं शिकता येत नाही. एकट्याने गच्चीवर, काँक्रीटवर मागे लोळण घ्यायला गेलास तर मनगट किंवा मान दुखावून घेशील आणि आठवडाभर रजा टाकावी लागेल. जोडीदाराची पकड कशी लागते, ती कधी सोडायची, हेही व्हिडिओ सांगत नाही. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, एवढं साधं आहे. व्हिडिओ पाठवून ब्लॅक बेल्टपर्यंत नेणारे अभ्यासक्रम आहेत, ते सोडून दे. एखाद्या प्रत्यक्ष शिक्षकाकडे जायला लागलास की मधल्या आठवड्यांत उजळणीला व्हिडिओ जरूर बघ, तेव्हा त्यांचा उपयोग होतो.

म्हणजे मला दिसणारा रस्ता साधारण असा आहे. वर्षभर सोलापुरात ज्यूडो किंवा तालीम, आठवड्यातून तीनदा, रडतखडत का होईना. गुडघा पूर्वी दुखावला होता असं तू ओझरतं लिहिलंयस. सुरू करण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव आणि शिक्षकाच्या कानावर घाल. २४,००० तसेच बाजूला ठेव. दरम्यान बुजिनकान, गेनबुकान, जिनेनकान यांचे भारतात कुठे गट आहेत ते त्या त्या संस्थांकडूनच शोध. दुसऱ्या कुणी बनवलेल्या यादीवर विसंबू नकोस. पुण्या-मुंबईकडे एखादा वर्ग सापडला तर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन रात्री परत येता येतं, मुंबईला सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्रीची आहेच. सुट्टीचा दिवस आणि वर्गाचा दिवस जुळतो का ते आधी बघ. महिन्यातून एकदा गेलास तरी चालेल, पण घरी रोज करायला काय द्याल ते त्यांना विचार. जो शिक्षक 'महिन्यातून एकदा येऊन काही होणार नाही, आधी तिथे ज्यूडो कर' असं म्हणेल, त्याला मनात एक गुण जास्त दे. त्याने फी सोडून तुझा विचार केला.

नाद सोडावा का, या प्रश्नावर मी थोडी अडखळले. पत्राच्या शेवटी, सही करण्याआधी तू एक ओळ लिहिलीस: रात्री कारखान्यातून सायकलवर येताना वाटतं की आपलं स्वतःचं असं काहीतरी असावं. सगळ्या पत्रात मला ही ओळ जास्त महत्त्वाची वाटली. अॅनिमेतून आवड लागली याची तुला लाज वाटते, पण आवड कुठूनही लागते. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली भावाला मारता यावं म्हणून ज्यूडोला आल्या होत्या. पुढे राहिल्या त्या वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण त्यांना येताना माहीत नव्हतं. तेव्हा सोडू नकोस. फक्त काळ्या पट्ट्याकडे बघून सुरुवात करू नकोस, आणि मित्रांना पटवून द्यायच्या भानगडीत तर पडूच नकोस. ते काही दिवस 'काय बे निन्जा' म्हणतील, मग दुसरं कुणीतरी सापडेल.

वर्ग शोधताना ईमेलमध्ये काय लिहायचं ते सुचत नाही असं म्हणालास. लांबलचक लिहू नकोस, विद्येची स्तुती नको, लहानपणची स्वप्नं नकोत. हे असं पाठव:

'नमस्कार. मी सोलापूरला राहतो, वय २३, नोकरी करतो. आधीचा कुठलाच अनुभव नाही. सध्या ज्यूडो सुरू केला आहे. तुमचा एक वर्ग प्रत्यक्ष बघायला यायची इच्छा आहे, चालेल का? तुम्ही कोणत्या संस्थेशी जोडलेले आहात आणि तुमचे शिक्षक कोण, हे कळवलंत तर बरं होईल. महिन्याची फी किती, आणि ती दरमहा भरता येते का? माझा डावा गुडघा पूर्वी दुखावलेला आहे, त्यामुळे काही अडचण येईल का?'

ज्यूडो खरंच सुरू केल्यावरच हे पाठव. उत्तर यायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, बरेच शिक्षक स्वतःही नोकरी करून शिकवतात. उत्तरात गुरूंची नावं आली तर ती मला कळव. त्यातली कोणती तपासता येतील आणि कुणाला विचारायचं, ते मी तुला लिहून पाठवते.